‘नाम’ म्हणजेच ‘नाऊन’, एवढं सांगायला काय जात होतं?



मॅगझिनसाठी लेख मागवल्याची नोटीस लागली तेव्हा आधी सुचले ते नेहमीचेच विषय. पहिला पाऊस, होस्टेलची मेस, मैत्री... पण या विषयांवर आपल्याकडे दरवर्षी दहा लेख येतात आणि त्यातले आठ माझ्यापेक्षा चांगले असतात. म्हणून ठरवलं, गेली तीन वर्षं जे मनात डाचतंय तेच लिहायचं. विषय आहे व्याकरण. थांबा, पान उलटू नका! परीक्षेला यातलं काहीही येणार नाही.

फर्स्ट इयरचा पहिला महिना. कम्युनिकेशन स्किल्सचा तास. मी म्हसळा तालुक्यातल्या एका गावातून आलेलो. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे मराठी माध्यमाचं हायस्कूल. मॅडमनी फळ्यावर एक सोपं वाक्य लिहिलं, ‘शी वॉक्स स्लोली’, आणि विचारलं की यातला ‘स्लोली’ हा शब्द कोणता पार्ट ऑफ स्पीच? बोट नेमकं माझ्याकडे. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘अ‍ॅडव्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब’ असं कुजबुजलं, पण मला वाटलं तो माझी चेष्टा करतोय. मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं “सिट डाऊन” म्हणाल्या. ते जास्त लागलं.

आता गंमत बघा. मॅडमनी जर विचारलं असतं की ‘ती हळू चालते’ या वाक्यातला ‘हळू’ कोण, तर मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं : रीतिवाचक क्रियाविशेषण अव्यय! दहावीला मराठीच्या पेपरात व्याकरणाचा एक मार्क गेला नव्हता माझा. शब्दांच्या आठही जाती, तिन्ही प्रयोग, विभक्तीचे प्रत्यय स, ला, ते, सगळं पाठ. म्हणजे प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मला प्रश्नच आला नव्हता.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी तर आपल्याला पहिलीपासून होतं. ‘नाऊन’, ‘व्हर्ब’ हे शब्द कानावरून गेलेच असणार. गेले होते ना! पण ते इंग्रजीच्या तासाला गेले होते. मराठीचा तास वेगळा, इंग्रजीचा तास वेगळा, मधे छोटी सुट्टी. मराठीच्या कप्प्यात नाम आणि सर्वनाम, इंग्रजीच्या कप्प्यात नाऊन आणि प्रोनाऊन. हे दोन कप्पे एकाच कपाटाचे आहेत असं बारा वर्षांत आम्हाला कुणी म्हणालं नाही. पॅसिव्ह व्हॉइस तर आम्ही गणितासारखा शिकलो. शेवटचा शब्द पुढे आणा, पुढचा शेवटी न्या, मधे ‘बाय’ टाका, व्हर्बचं तिसरं रूप लावा. उत्तर बरोबर, मार्क पूर्ण. आपण काय केलं हे मात्र विचारायचं नाही.

याउलट विज्ञानाचं पुस्तक आठवा. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘बल’ या शब्दाशेजारी कंसात ‘फोर्स’ छापलेलं असायचं. ‘त्वरण’ शेजारी ‘अ‍ॅक्सिलरेशन’. म्हणून अकरावीला फिजिक्स इंग्रजीत सुरू झालं तेव्हा धक्का बसला, पण पडलो नाही. कंसाला धरून उभे राहिलो. माझ्या मराठीच्या पुस्तकात ‘उभयान्वयी अव्यय’ शेजारी ‘कंजंक्शन’ कधीच नव्हतं. माझी सगळी तक्रार त्या न छापलेल्या कंसाबद्दल आहे.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास, असं कुणाला वाटेल. त्यांच्यासाठी माझ्या रूम पार्टनरची गोष्ट सांगतो. तो मुरूड तालुक्यातल्या कोर्लईचा, म्हणून सगळे त्याला कोर्लईकरच म्हणतात. मॅथ्समध्ये आमच्या बॅचचा बाप. एम-थ्रीचे बॅक असलेले निम्मे लोक त्याच्या जिवावर सुटले. थर्ड इयरला एका कंपनीच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला आम्ही दोघंही बसलो. क्वांट आणि लॉजिकलमध्ये तो आरामात पास. व्हर्बलचा सेक्शनल कट-ऑफ मात्र थोडक्यात हुकला आणि तिथेच विषय संपला. रात्री मेसमध्ये काही बोलेना. खूप वेळाने म्हणाला, “अरे, सबऑर्डिनेट क्लॉज ओळखा म्हणून प्रश्न होते. मला क्लॉज म्हणजे करारातली अट माहिती. वाक्यात अट कुठे शोधू?”

मी म्हटलं, “क्लॉज म्हणजे पोटवाक्य रे. सबऑर्डिनेट म्हणजे गौण वाक्य.”

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे ‘जो अभ्यास करतो तो पास होतो’, त्यातलं ‘जो अभ्यास करतो’ ते?”

“तेच.”

“मग एवढंच होतं?”

या ‘मग एवढंच होतं?’वर मला रात्रभर झोप आली नाही. मिश्र वाक्य आणि संयुक्त वाक्य यातला फरक त्याला नववीपासून येत होता. कॉम्प्लेक्स आणि कंपाउंड ही त्यांचीच इंग्रजी नावं आहेत, इतकंच माहीत नव्हतं. एका नावाने मुलाची संधी गेली. पुन्हा त्याला वाटत राहिलं की आपलं इंग्रजी कच्चं आहे, आपण खेड्यातले, आपल्याला हे जमणारच नाही. माझ्या मते हे नुकसान कट-ऑफपेक्षा मोठं आहे.

त्यानंतर मी लायब्ररीत जाऊन जरा शोधाशोध केली (सबमिशन सोडून! हे आमच्या एचओडी सरांनी वाचू नये). तेव्हा कळलं की हा पूल मुळात बांधलेलाच आहे. जवळजवळ दोनशे वर्षं झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठीचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. ज्यांना पुढे ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हटलं गेलं ते हेच. त्यांच्यासमोर एकीकडे संस्कृत व्याकरण होतं आणि दुसरीकडे इंग्रजी. शब्दांच्या जाती आठ हा हिशेब संस्कृतचा नाही. यास्काच्या निरुक्तात पदांचे प्रकार चारच सांगितलेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठ जातींची पद्धत ग्रीक आणि लॅटिन व्याकरणांतून इंग्रजीत आली आणि इंग्रजीच्या धर्तीवर मराठी व्याकरणाची मांडणी करताना आपल्याकडे आली. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. त्यात या सगळ्याचा कीस पाडला आहे. विरामचिन्हांचंही तसंच. पूर्णविराम, स्वल्पविराम हे मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात.

म्हणजे बघा, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन या कप्प्यांना मराठी नावं देणारी माणसं दोन्ही भाषा जाणत होती. त्यांनी डोळ्यांसमोर दोन्ही काठ ठेवून पूल बांधला. आपल्याला शाळेत त्याचा अलीकडचा काठ तेवढा दाखवला आणि सांगितलं की हे पाठ करा, पाच मार्कांना येतं.

माझ्या आजोबांच्या पिढीचं असं झालं नव्हतं. आमच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एक भाग अजून आहे. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. आजोबा मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. पण मुंबईत गोदीत कारकुनी केली आणि साहेबाला इंग्रजीत अर्ज लिहिले. ही पद्धत जुनी झाली, भाषांतराने भाषा येत नाही, असं पुढे सगळे म्हणू लागले. त्यात तथ्यही असेल. पण जुनी पद्धत काढून टाकताना तिच्याबरोबर दोन कप्प्यांमधली फळीसुद्धा निघून गेली, त्याचं काय?

आता थोडं तांत्रिक. शेवटी आपण इंजिनिअर! मी आणि कोर्लईकराने मिळून एक कार्डशीट तयार केली. आधी सरळ जोड्या लावल्या. फायनल इयरच्या नोट्सपेक्षा जास्त झेरॉक्स हिच्या निघाल्या, म्हणून इथे देतो :

नाम – नाऊन
सर्वनाम – प्रोनाऊन
विशेषण – अ‍ॅडजेक्टिव्ह
क्रियापद – व्हर्ब
क्रियाविशेषण अव्यय – अ‍ॅडव्हर्ब
शब्दयोगी अव्यय – प्रिपोझिशन
उभयान्वयी अव्यय – कंजंक्शन
केवलप्रयोगी अव्यय – इंटरजेक्शन
कर्ता, कर्म – सब्जेक्ट, ऑब्जेक्ट
सकर्मक, अकर्मक – ट्रान्झिटिव्ह, इन्ट्रान्झिटिव्ह
लिंग, वचन – जेंडर, नंबर
विभक्ती – केस
काळ – टेन्स
आज्ञार्थ – इम्परेटिव्ह
केवल, मिश्र, संयुक्त वाक्य – सिम्पल, कॉम्प्लेक्स, कंपाउंड सेंटेन्स

टेन्स शब्दाचा टेन्शनशी काही संबंध नाही. तो लॅटिनमधल्या काळ या अर्थाच्या शब्दावरून आलाय. हे कळल्यावर कोर्लईकर म्हणाला, “मग मला इतकी वर्षं टेन्शन का होतं?”

पण या यादीत काही ठिकाणी खड्डे आहेत आणि मला वाटतं खरं शिक्षण त्या खड्ड्यांत आहे. पहिला खड्डा प्रिपोझिशनचा. या नावाचा अर्थच ‘आधी ठेवलेला’. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’, म्हणजे ‘वर’ आधी आणि टेबल नंतर. आपलं ‘टेबलावर’. म्हणजे आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या शेपटीला लागतं. काम तेच, जागा उलटी. हे एकदा लक्षात आलं की अर्ध्या चुका जातात.

दुसरा खड्डा मोठा, व्हॉइसचा. शाळेत ज्यांना जोडी सांगितली त्यांना अशी सांगितली की कर्तरी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. आता ‘मी आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. मी कैरी खाल्ली, मी आंबे खाल्ले. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय, म्हणजे प्रयोग कर्मणी. मग इंग्रजीत काय? ‘द मँगो वॉज ईटन बाय मी’? नाही हो! सरळ ‘आय एट अ मँगो’, म्हणजे चक्क अ‍ॅक्टिव्ह. मराठी भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की आपण सहज कर्मणीत जातो. इंग्रजीत तसं होत नाही. शिवाय आपला भावे प्रयोग आहेच. ‘रामाने रावणास मारले’, यात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. इंग्रजीत व्हॉइस दोनच, त्यामुळे या तिसऱ्या भावाला तिकडे घर नाही.

हा खड्डा किती महागात पडतो ते मॉक इंटरव्ह्यूला दिसतं. “टेल अस अबाउट युवर प्रोजेक्ट” म्हटलं की आपली मुलं सुरू होतात : डिझाइन वॉज मेड बाय मी, प्रोग्राम वॉज रिटन बाय मी, टेस्टिंग वॉज डन बाय मी... समोरच्याला वाटतं हा प्रोजेक्टबद्दल बोलतोय की पंचनामा वाचतोय? त्यात आपले जर्नल. तीन वर्षं ‘द अ‍ॅपरेटस वॉज सेट अप’ उतरवून उतरवून पॅसिव्ह हाडात मुरलेला. इथे ‘तू मराठीत विचार करतोस, म्हणून चुकतोस’ असं म्हणून काय उपयोग? मराठीत विचार करतोच आहे. तर त्याच विचाराला सांगा ना की बाबा, या ठिकाणी दोन रस्ते वेगळे होतात. बोर्ड लावा.

काही ठिकाणी मराठीकडे जास्त आहे. ‘मी लहानपणी रोज समुद्रावर जात असे’, हा आपला रीतिभूतकाळ. इंग्रजीत तो ‘यूज्ड टू’ने सांगतात, पण त्याला काळाचं वेगळं नाव देत नाहीत. उलट काही ठिकाणी आपल्याकडे कप्पाच नाही. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही आर्टिकल्स मराठीत नाहीतच. म्हणून आपण ती एकतर विसरतो, नाहीतर कांदाभज्यांवर कोथिंबीर टाकावी तशी सगळीकडे टाकतो.

आता भाषांच्या नावांकडे वळतो, कारण ही कार्डशीट करतानाच एक वेगळीच गोष्ट उघडी पडली. प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये दोन रकाने असतात : ‘मदर टंग’ आणि ‘लँग्वेजेस नोन’. कोर्लईकराने पहिल्यात मराठी लिहिलं होतं. मी सहज विचारलं, “घरी पण हेच बोलता का रे?” तर म्हणाला, “नाही, घरी नौ लिंग.”

आमच्या रूममध्ये जो हशा पिकला तो विचारू नका. मराठी माणसाला लिंगं तीन माहीत! पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. हा म्हणतो नऊ! वाढीव सहा कुठून आणली? तोही हसला. पण मग त्याने जे सांगितलं त्यावर आम्ही गप्प झालो.

कोर्लईच्या किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वाडीत आजही पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलतात. चौल-रेवदंड्यावर पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले आणि १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे गेला. पोर्तुगीज गेले, पण भाषा राहिली. आजूबाजूला सगळी मराठी, त्यामुळे ती हळूहळू मराठीच्या वळणावर गेली. आपल्यासारखं क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवू लागली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलंय. बोलणारे हजाराच्या आसपास. ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’. यातला ‘लिंग’ पोर्तुगीजमधल्या ‘लिंग्वा’वरून आला, ज्याचा अर्थ जीभ आणि भाषा दोन्ही. त्याच्या लॅटिन मुळातूनच इंग्रजीतले ‘लँग्वेज’, ‘बायलिंग्वल’, ‘लिंग्विस्टिक्स’ हे शब्द आलेत.

म्हणजे ज्या मुलाला आपण इंग्रजीत कच्चा म्हणत होतो, त्याच्या घरातल्या भाषेच्या नावातच ‘लँग्वेज’ या शब्दाचं मूळ आहे. आणि फॉर्मवर तिला जागा नाही, कारण तिला छापील नावच नाही. जनगणनेचंही तसंच. २०११च्या जनगणनेत १२१ भाषा दाखवल्या आहेत. दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषा त्यात वेगळ्या दाखवत नाहीत. हजार माणसांची भाषा तिथे ‘इतर’मध्ये.

आपल्या किनाऱ्यावर अशा किती भाषा आहेत बघा. आगरी, कोळ्यांची बोली, श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या मुसलमान घरांतली कोकणी, अलिबागकडच्या बेने इस्रायलांची मराठी. यातली मुलं आपल्याच वर्गात आहेत. ती घरी एक बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात, टीव्हीमुळे हिंदी, आणि इथे येऊन इंग्रजी. चार भाषा सांभाळणाऱ्या मुलाला आपण ‘लँग्वेज वीक’ म्हणतो!

नाव कोण देतो, यावरही बरंच अवलंबून असतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. त्याच्या नावात कोकणीला ‘कानारीम’ म्हटलंय. बोलणारे एक म्हणतात, छापणारे दुसरंच. कोकणीला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्वतःच्या नावाने जागा मिळाली ती १९९२ मध्ये.

आणि हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. नेटवर वाचताना मला झेक भाषेची माहिती मिळाली. ‘रोबो’ हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द झेकमधूनच जगभर गेला. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून. मूळ शब्दाचा अर्थ वेठबिगारी! तर या झेक मुलांचंही आपल्यासारखंच आहे. त्यांच्याकडे व्याकरणाची नावं त्यांच्या भाषेतली. व्हर्बला ते ‘स्लोवेसो’ म्हणतात. विभक्त्या सात आणि त्या आपल्यासारख्याच नंबरांनी ओळखतात : पहिली, दुसरी, तिसरी. नॉमिनेटिव्ह, अ‍ॅक्युझेटिव्ह म्हटलं की त्यांचाही चेहरा माझ्यासारखाच होत असणार. जर्मन भाषेला ते ‘नेमचिना’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘मुका’ हा अर्थ आहे. आपली भाषा ज्याला येत नाही तो मुका! पण झेक बोलणारे जेमतेम एक कोटी, आणि प्रागच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग झेकमधूनही शिकवतात. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ साली आठ कोटींच्या वर होते.

याचा अर्थ मी सगळं मराठीत करा म्हणतोय का? अजिबात नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईने काही कॉलेजांना मराठीसह भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपल्या कट्ट्यावरही पेढे वाटले गेले. आनंद आहे. पण आम्हाला इंग्रजी पाहिजे. चांगलं पाहिजे. नोकरीसाठी पाहिजे, पुढच्या शिक्षणासाठी पाहिजे. प्रश्न एवढाच की तिथे जायचं कुठल्या रस्त्याने?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : “मराठीचा आधार दिला की कुबडीची सवय लागते. इंग्रजी इंग्रजीतूनच शिका.” माझ्या एका शहरी मित्राचं हेच मत आहे आणि तो मनापासून बोलतो. पाच वर्षांच्या पोराला ते लागू पडेलही. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात व्याकरणाचा पाया आधीच भरलेला असतो. तो पाया उखडून दुसरा घालायचा आणि मग वर्षभरात दहा मजले चढवायचे? सिव्हिलवाल्यांनीच सांगावं. तयार फाउंडेशन असताना असं कुणी करतं का? आणि कुबडी म्हणायचं तर ‘बल म्हणजे फोर्स’ हीसुद्धा कुबडीच होती. आता फोर्स म्हणताना ‘बल’ आठवतं का कुणाला? काम झालं की ती आपोआप गळून पडली.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये एक तास द्या. एकच तास! एका पानावर नावांच्या जोड्या, दुसऱ्या पानावर खड्डे. खर्च दोन रुपये झेरॉक्स. शिकवायला सर-मॅडमना वेळ नसेल तर आम्ही सिनिअर शिकवतो. आणि शाळेच्या पुस्तकांबद्दल कुणाच्या हातात काही असेल, तर त्यांना विनंती, नववीच्या मराठीच्या पुस्तकात कंसात तो एक इंग्रजी शब्द छापा. मराठी त्याने बाटणार नाही. दादोबांनी स्वतः दोन्ही काठ बघितले होते.

आमची कार्डशीट होस्टेलच्या पाण्याच्या कूलरच्या वर चिकटवली आहे. पाण्याने खालचा कोपरा फुगलाय, ‘संयुक्त वाक्य’ जवळजवळ पुसलंय. परवा फर्स्ट इयरचा एक मुलगा बाटली भरता भरता ते वाचत होता. बाटली भरून पाणी बाहेर वाहत होतं, तरी वाचत होता. मी काही बोललो नाही.

आणि कोर्लईकर? गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीचा फॉर्म आला. यावेळी ‘लँग्वेजेस नोन’मध्ये त्याने चार नावं लिहिली : मराठी, हिंदी, इंग्लिश आणि कोर्लई पोर्तुगीज. इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्यावरच आला. तो म्हणतो, मी पाच मिनिटं बोललो, इंग्रजीत, आणि एकदाही ‘बाय मी’ आलं नाही.

लेख छापायला देईपर्यंत निकाल लागलेला नाही.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)